खिडकी कुठे ठेवायची

वडिलांच्या रेडिओचा काटा दोऱ्यावर चालायचा. दोरा सैल झाला की विविध भारती बोटभर पुढे सरकायची, मग काचेवर पेन्सिलीने नवी खूण करायची. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना मिळाल्यावरही माझी सवय तीच राहिली. एका फ्रिक्वेन्सीवर कान लावायचा, कोणी नसलं की पुढे जायचं. आपण पुढे गेल्यावर मागे कोणी हाक मारली, तर ती गेलीच.

मग हातात डोंगल आला. अंगठ्याएवढा, यूएसबीत खोचायचा. मुळात तो संगणकावर डिजिटल टीव्ही पाहण्यासाठी केलेला. २०१२च्या सुमारास काही उद्योगी लोकांनी शोधून काढलं की त्यातली आरटीएल२८३२यू ही चिप चित्र उलगडण्याआधीचा कच्चा सिग्नलसुद्धा बाहेर देते. माझा डोंगल सेकंदाला २४ लाख नमुने घेतो, म्हणजे २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा एका वेळी संगणकात येतो. आपला दोन मीटरचा हॅम बॅण्ड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. अख्खा मावतो! त्यावर सॉफ्टवेअरमध्ये हवे तेवढे काटे लावायचे. प्रत्येक काटा म्हणजे नुसतं गणित: त्याच नमुन्यांतून हवी ती फ्रिक्वेन्सी शून्यावर सरकवायची, आजूबाजूचं गाळायचं, उरलेल्यातून आवाज काढायचा. एका काट्याला दुसऱ्याचा पत्ताही नसतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्यांमागे असंच गणित चालतं, फक्त तिथली खिडकी, म्हणजे एका वेळी येणारा पट्टा, ४०० मेगाहर्ट्झपर्यंत उघडते.

कसब आता काटा फिरवण्यात नाही, खिडकी कुठे ठेवायची यात आहे. नवखा माणूस बरोबर १४५ वर मध्य ठेवतो. पण पट्ट्याच्या दोन्ही कडा मऊ असतात, तिथे सिग्नल विरतो आणि बाहेरचं भूत आत डोकावतं. मध्यावरही पुष्कळदा एक खोटी उभी रेघ दिसते. मला वरच्या टोकाचं हवं असतं, म्हणून मी मध्य १४५.४ वर ठेवतो आणि खालचे २०० किलोहर्ट्झ सोडून देतो.

दुसरी गोष्ट गेनची, म्हणजे आलेला सिग्नल किती वाढवायचा याची. हा डोंगल आठ बिटांचा, म्हणजे मोजपट्टीवर सगळ्या मिळून २५६ खुणा. वरातीचा बँड दाराशी आला की घरातलं बोलणं बुडतं, तसं शहरातली एफएम केंद्रं इथे करतात. ती माझ्या खिडकीत दिसत नाहीत, पण डोंगलच्या तोंडाशी उभी असतात. पहिले सहा महिने मी गेन वाढवत राहिलो आणि खरखर वाढत राहिली. शेवटी ८८ ते १०८ अडवणारा फिल्टर लावला, गेन चक्क कमी केला, आणि क्षीण आवाज वर आले.

आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरचा हॅम रिपीटर १४५.९९० वर ऐकतो आणि ४३७.८०० वर बोलतो. दोन्ही एका खिडकीत येणं अशक्य, म्हणून दुसरा डोंगल घेतला. दोघांवर कारखान्यातून एकच अनुक्रमांक आलेला! प्रोग्रामने भलताच उघडला आणि ऐन वेळी स्थानक डोक्यावरून निघून गेलं. क्रमांक बदलायला दोन मिनिटं लागतात, ते त्या दिवशी शिकलो.

पुढच्या फेरीला सगळं जागेवर होतं. माझ्याच उपनगरातला एक मित्र गच्चीवरून यागी अँटेना आभाळाकडे धरून बोलत होता. डाव्या कानात तो थेट, उजव्या कानात तोच, चारशे किलोमीटर वर जाऊन आलेला. उजवा जरा मागे. या उशिरात प्रवासाचे मिलिसेकंद थोडेच, बाकी सगळा दोष माझ्या संगणकाचा. पण ऐकताना ते कोण मानतो? पडद्यावर ४३७.८०० ची रेघ मात्र सरळ नव्हती. स्थानक जवळ येताना ती सुमारे १० किलोहर्ट्झ वर, लांब जाताना तितकीच खाली, मधे एक झोकदार वळण.

त्या दहा मिनिटांचा दोन मीटरचा पट्टा मी आहे तसा कच्चा साठवला होता. सेकंदाला ४८ लाख बाइट, म्हणजे जवळजवळ तीन जीबी. बायको म्हणते, खरखर साठवायला हार्ड डिस्क विकत घेणारा माणूस मी पहिलाच पाहिला. रात्री ती फाइल चालवून पाहिली, तर ज्या फ्रिक्वेन्सीवर मी काटा लावलाच नव्हता, तिथे एक बारीक रेघ दिसली. सरलेल्या संध्याकाळवर नवा काटा नेऊन ठेवला. माझंच कॉलसाइन. दोनदा. मग थोडी वाट पाहिल्यासारखी शांतता, आणि रेघ संपली.

आवाज ओळखीचा होता. सकाळी फोन लावला. "काल पावणेआठला हाक मारली होतीस ना?"

"ऐकलीस? मग उत्तर का नाही दिलंस रे?"