रनर जमिनीवरूनच जातो, मॅडम

अकरावी सायन्सचे वर्ग सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की माझ्याकडे मुलं यायला लागतात. वाईतल्या आमच्या घराच्या पडवीत, कॉलेज सुटल्यावर, गावाकडची एसटी सुटेपर्यंतच्या वेळात. कुणी बावधनचं, कुणी पसरणीचं, कुणी भुईंजकडून येणारं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, विज्ञानात चांगले मार्क, आणि आता हातात इंग्रजीतलं जाडजूड पुस्तक. "मॅडम, बायो अवघड जातंय," ही प्रत्येकाची सुरुवात. मी ज्युनिअर कॉलेजात बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्या जोरावर सांगते, यातल्या बहुतेकांना बायोलॉजी चांगली कळते. अडतं ते पान वाचण्यापाशी.

पसरणीचा घाट चढून गेलं की पाचगणी. तिथल्या निवासी शाळांतली मुलं लहानपणापासून इंग्रजीतच वाचतात, त्यांना अकरावीत हा धक्का बसत नाही. घाटाच्या पायथ्याची मुलंही काही इंग्रजीशिवाय वाढलेली नाहीत. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहा वर्षं इंग्रजीचा तास करून ही मुलं आलेली असतात. स्पेलिंगं पाठ असतात, काळ ओळखता येतात, पत्रलेखनाचा साचा येतो. पण परिच्छेद वाचायचा, त्यात काय म्हटलंय ते मनात धरायचं आणि पुस्तक मिटून सांगायचं, हे त्यांच्याकडून कुणी करूनच घेतलेलं नसतं.

त्याऐवजी त्यांना एक युक्ती येते. इंग्रजीच्या उताऱ्याखाली प्रश्न असतात. प्रश्नातला सगळ्यांत मोठा शब्द उताऱ्यात हुडकायचा, तो सापडला की ते अख्खं वाक्य उचलायचं, मार्क जास्त असतील तर पुढचं एक वाक्य जोडायचं. उतारा वाचावाच लागत नाही, आणि बऱ्याचदा उत्तर बरोबरही येतं. दहावीपर्यंत हे चालून जातं. बायोलॉजीच्या पुस्तकात मात्र 'कारण द्या' असा प्रश्न येतो, त्याचं अर्धं उत्तर एका पानावर, उरलेलं आकृतीत असतं, आणि ही युक्ती तिथं मान टाकते.

बावधनच्या एका मुलाचा गृहपाठ मला चांगला आठवतो. पेशी मिठाच्या दाट पाण्यात ठेवली तर तिचं काय होईल आणि का, असा प्रश्न होता. त्यानं वहीत परासरणाची व्याख्या सुवाच्य अक्षरात उतरवून आणली होती, एकही स्पेलिंग चुकलेलं नव्हतं. मी विचारलं, "पाणी कुठून कुठं गेलं?" तो वहीकडे बघत राहिला. "वहीत नको बघू, मला सांग. पेशीत आलं की पेशीतून बाहेर गेलं?" उत्तर नाही. मग मी मराठीत विचारलं की कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं तर आई दुसऱ्या दिवशी काय करते. "पाणी सुटतं ते काढून ठेवते," तो ताबडतोब म्हणाला. पुढचं सगळं त्यानंच सांगितलं. पाणी फोडीतून बाहेर आलं, मीठ बाहेर जास्त होतं म्हणून आलं, फोड आक्रसली. प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे पहिल्यापासून होतं. त्याच्यात आणि पुस्तकात आडवं पडलं होतं ते चार ओळींचं एक वाक्य.

त्या वाक्यावर आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. माझी पद्धत साधी आहे. आधी क्रियापद शोधायचं आणि त्याखाली रेघ मारायची. मग ते कोण करतंय ते शोधायचं. 'विच' आणि 'दॅट'पासून सुरू होणारे तुकडे कंसात टाकायचे आणि पहिल्या वाचनात कंस सोडून वाचायचं. मराठी वाचणारं मूल क्रियापदाची वाट बघत वाक्याच्या शेवटापर्यंत जातं, ती त्याची आयुष्यभराची सवय असते. इंग्रजीत क्रियापद लवकर येऊन जातं आणि मागाहून एकेक पुरवणी लागत राहते. शेवटाला पोचेपर्यंत मुलाच्या लक्षात शेवटचं नाम तेवढं राहतं, कर्ता कधीच हरवलेला असतो. चार ओळींचं ते वाक्य कंस टाकल्यावर सहा शब्दांचं उरलं. तो म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, "आता कंस एकेक करून उघड."

वाचून झाल्यावर बघायचंही, हा आमचा नियम आहे. पडवीतल्या कुंडीत ऱ्होइओ आहे, वरून हिरव्या आणि खालून जांभळ्या पानांचा. त्याच्या खालच्या बाजूची साल सोलली की पातळ जांभळा पापुद्रा निघतो. माझ्याकडे फोल्डस्कोप आहे, स्टॅनफर्डमध्ये काम करणाऱ्या मनू प्रकाश यांनी तयार केलेला घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक. तो मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चिकटवता येतो, त्यामुळे तिघं-चौघं एकदम बघू शकतात. आधी साध्या पाण्यातला पापुद्रा बघितला. जांभळ्या रंगानं काठोकाठ भरलेल्या, एकमेकींना खेटून बसलेल्या पेशी दिसल्या. मग कडेनं मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. थोड्या वेळानं जांभळा रंग एकेका पेशीच्या कडा सोडून आत सरकायला लागला. भिंत जागच्या जागी राहिली आणि आतला ऐवज गोळा होत गेला. बावधनचा मुलगा मोबाइलवर इतका वाकला की बाकीच्यांना त्याला मागे ओढावं लागलं. "भिंत का नाही आक्रसली?" हा प्रश्न त्याचा होता, गृहपाठात नव्हता. त्याचं उत्तर पुस्तकात पुढच्याच परिच्छेदात होतं, आणि तो परिच्छेद त्यानं माझ्या मदतीशिवाय वाचला. कडक भिंत आणि लवचीक पटल यांतला फरक सांगणारं ते वाक्य त्याला आता हवं होतं. ज्या वाक्याची गरज वाटते ते मूल कसंही करून वाचतं, हे मी वारंवार पाहिलंय.

भिलारकडून येणारी एक मुलगी होती. भिलार म्हणजे पुस्तकांचं गाव, आणि त्याच्या आधीपासून स्ट्रॉबेरीचं. हिच्या घरची स्ट्रॉबेरी आहे. वर पाऊस फार, म्हणून पावसाळ्यात रोपं तयार करायला वडील वाईच्या बाजूला जमीन खंडानं घेतात. सुट्टीच्या दिवशी ही पिशव्या भरायला आणि रनर, म्हणजे झाडातून निघणारं दोरीसारखं खोड, पिशवीत दाबायला जायची. माझ्याकडे मात्र ती अगदी दबून बसायची. वाचायला सांगितलं की आवाज घशातच राहायचा.

खोडाच्या प्रकारांचा धडा चालला होता. एका पुस्तकात जमिनीखालच्या खोडांविषयी सांगताना गवताबरोबर स्ट्रॉबेरीचंही नाव घेतलेलं होतं. ती एकेका शब्दावर बोट ठेवत तिथवर आली आणि थांबली. पुन्हा मागे गेली, पुन्हा तिथंच थांबली. "मॅडम, माझं वाचायला चुकतंय." मी म्हटलं, काय कळलं ते सांग. तिनं सांगितलं आणि ते तंतोतंत बरोबर होतं. क्रियापद कुठलं, ते कोण करतंय, सगळं मी तपासून घेतलं, वाचण्यात काहीच चूक नव्हती. "मग असं कसं लिहिलंय? रनर जमिनीवरूनच जातो, मॅडम." हे मात्र तिनं मोठ्यानं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती वर्तमानपत्रात गुंडाळून मदर प्लँट घेऊन आली, रनरसकट. टेबलावर तो लांबलचक पसरून तिनं आम्हा सगळ्यांना दाखवलं. हे आईचं झाड, त्यातून निघालेलं हे दोरीसारखं खोड, ही पहिली गाठ, हिला सहसा रोप येत नाही, ही दुसरी गाठ, रोप इथं येतं आणि मुळं खाली इथं धरतात. दुसरी गाठ पिशवीतल्या मातीवर टेकवून दाबली की रोप तयार, मग मधला रनर कापून टाकायचा. वनस्पतिशास्त्राच्या तासाला याहून नेटकं वर्णन मी क्वचित ऐकलंय. मग मी तिला दुसऱ्या एका पुस्तकातला परिच्छेद दिला. त्यात जमिनीलगत सरपटत जाणाऱ्या खोडांचा वेगळा गट होता आणि रनर त्या गटात होता. तो तिनं उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

"परीक्षेत काय लिहू?" हा तिचा पुढचा प्रश्न रास्त होता. नीटमध्ये ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे असतात आणि या मुलांच्या घरी त्या मार्कांवर फार आशा लावून बसलेली माणसं असतात. मी तिला सांगितलं, लिहायच्या प्रश्नात जे खरं आहे ते आकृतीसह लिही, दोन्ही गाठी दाखव. आणि पुस्तकातलं वाक्य पर्याय म्हणून समोर आलं तर ते पुस्तकात कसं दिलंय हेही ठाऊक असू दे. तिनं तिथंच बसून इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली, छोटी आणि धडधाकट. एका वाक्यात काळ चुकला होता. तेवढा दुरुस्त केला, बाकी हात लावला नाही.

काही पालक मला विचारतात की तुम्ही मराठीत का समजावता, त्यानं इंग्रजी मागे पडेल. माझा अनुभव उलटा आहे. मराठी विश्वकोशाचं कार्यालय आमच्या वाईतच आहे आणि कुमार विश्वकोशाचे जीवसृष्टी आणि पर्यावरणाचे खंड माझ्या टेबलावर कायम असतात. एखादा विषय मुलानं आधी त्यात वाचला की इंग्रजी पानावर तो ओळखीच्या गावात शिरल्यासारखा शिरतो. पुढं काय येणार याचा अंदाज असतो, त्यामुळे एखादा अनोळखी शब्द आला तरी तो थबकत नाही. हल्ली मोबाइलवर प्रश्नाचा फोटो काढला की तयार उत्तर मिळतं. मुलं ते आणतात, मी वाचतेही. उत्तर पुष्कळदा बरोबर असतं. पण मूल त्या उत्तरातून कोरडंच बाहेर आलेलं असतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण कैरी आणि रनर त्याच्या घरात असतात.

परवा बावधनच्या मुलानं नवंच काढलंय. भुईमुगाची शेंग जमिनीत येते, मग ती मूळ की खोड? भिलारच्या मुलीनं खोड म्हणून सांगितलं, आणखी एकानं मूळ. तो म्हणाला, आमची आजी सांगते, फूल वर येतं, मग आऱ्या सुटतात आणि त्या मातीत घुसतात, म्हणजे शेंग फुलातनं आली. मग ते फळ झालं ना? मी हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. इंग्रजी पुस्तकांचा गठ्ठा त्याच्यापुढं सरकवला आणि सांगितलं, हे कुठं लिहिलंय ते शोध, शनिवारी सगळ्यांना वाचून दाखव. एसटीची वेळ होईपर्यंत तो सूची चाळत होता. निघताना दोन पुस्तकं आणि माझी पेन्सिल घेऊन गेला.