शिरगावच्या वाऱ्यात आमची पद्मिनी

बोईसरहून शिरगाव काही लांब नाही. पालघरच्या रस्त्याला लागावे, कोळगावचे नवे जिल्हा मुख्यालय मागे टाकावे, १४ ऑगस्ट १९४२ च्या हुतात्म्यांची आठवण सांगणारा पालघरचा पाचबत्ती चौक ओलांडावा आणि सातपाटीच्या रस्त्याने समुद्राकडे निघावे. एसटीने, रिक्षाने माणसे रोज ये-जा करतात. आम्हाला मात्र या प्रवासाची तयारी आदल्या रात्रीपासून करावी लागते. कारण वाचकहो, आमची गाडी १९९१ सालची प्रीमियर पद्मिनी आहे.

तयारी म्हणजे काय? रेडिएटरमध्ये पाणी भरायचे, बॅटरीची टोके घासायची, डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून सीबी पॉइंट पॉलिश पेपरने साफ करायचे. डिकीत पाण्याचे दोन कॅन, फॅनबेल्ट, एक जुना टॉवेल. टॉवेल हवाच. उन्हात इंजिन तापले की पेट्रोलची वाफ होते, पंप ओढेनासा होतो आणि गाडी रस्त्यात गप्प उभी राहते. मग ओला टॉवेल पंपावर गुंडाळायचा आणि दहा मिनिटे चहा प्यायचा. गाडी चालू होते. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आम्ही बदलून घेतल्या.

कारकुनाला हा नाद कशाला, असे आम्हाला पुष्कळांनी विचारले. चळवळीतल्या मित्रांनीही विचारले. उत्तर आमच्या घरातच आहे. आमचे वडील १९७१ ते १९९८ कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात कामगार होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीने १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनवली. तीच गाडी पुढे १९७४ पासून पद्मिनी या नावाने निघू लागली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा, आणि अंगाला जाड पत्रा. त्या काळी पैसे भरूनही लोक गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबत. बाबांचे काम दरवाजे बसवण्याचे. सत्तावीस वर्षांत किती दरवाजे बसवले, याची मोजदाद त्यांच्यापाशी नाही. त्यातल्या एकाही गाडीत बसून ते कुठे गेले नव्हते. टॅक्सीतसुद्धा नाही, टॅक्सी आमच्यासाठी इस्पितळात जायलाच होती.

२००९ मध्ये पालघरच्या एका निवृत्त शिक्षकांकडे ही गाडी विकायला आहे असे कळले. बोनस आणि पतपेढीचे कर्ज मिळून बावीस हजारांना ती घेतली. घरी आणली तेव्हा बाबांनी तिला फेरी मारली, चारही दरवाजे एकेक करून उघडले, मिटले, आणि म्हणाले, “मागचा उजवा कुणीतरी बदललाय. हा आमच्या हातचा नाही.” तो खरोखरच अपघातानंतर बदललेला निघाला!

गेल्या रविवारी आम्ही बाबा, पत्नी आणि लेक असे शिरगावला निघालो. उमरोळीपुढे काटा चढू लागला, तिथे टॉवेलची पाळी आली. शेजारून जाणारे दुचाकीवाले थांबून बघत होते. एकाने मोबाइलवर फोटो काढला आणि विचारले, “काका, टॅक्सी होती का?” मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या मुदतीमुळे ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून ही गाडी दिसली की लोकांना टॅक्सीच आठवते. बाबांना मात्र राग येतो. “टॅक्सी काय, सायबांची पण हीच होती,” ते म्हणतात.

शिरगावचा किल्ला गावातच, समुद्राच्या अगदी जवळ. पोर्तुगीजांच्या ताब्यातला हा किल्ला मराठ्यांनी १७३९ मध्ये घेतला. लेकीने तटावर चढून समुद्र पाहिला आणि तिथूनच ओरडून आम्हाला भरतीची बातमी दिली. बाबांच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत. ते सुरूच्या झाडांखाली गाडीपाशीच थांबले. पुळणीवर गाडी नेऊ नका, असे त्यांनी आम्हाला दोनदा बजावले होते. वाळूत चाक रुतते हे एक, पण खरा शत्रू खारा वारा. बंपरचा क्रोम त्याने आधी डागाळतो, मग तळाचा पत्रा आतून खातो. वरून रंग चकाकत असतो, खाली चाळण झालेली असते. म्हणून परत गेल्यावर तासभर गोड्या पाण्याने गाडीचा तळ धुवायचा, हा आमच्या घरचा नियम.

आम्ही किल्ल्यावरून परतलो तर बाबा स्टिअरिंगवर बसलेले! इंजिन बंद, चावी आमच्या खिशात. क्लच दाबून ते गिअरचा दांडा हलवत होते. पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा न्यूट्रल. गाडी चालवायला ते कधी शिकलेच नाहीत.

“आजोबा, ही गाडी तुम्ही बनवली?” लेकीने विचारले.

“गाडी नाही गं. दारं.”

“मग गिअर कसे येतात?”

“शेजारच्या लाइनवर बघायचो ना जेवणाच्या सुट्टीत.”

सत्तावीस वर्षे ज्या माणसाने शेजारच्या लाइनवर नुसते बघून गिअर पाठ केले, त्याच्याबद्दल आम्हाला हे आजवर ठाऊक नव्हते. आमच्या पत्नीने डबा उघडला, भाकरी आणि सुकटाची चटणी सगळ्यांना दिली, आणि बाबांना उठवू नका अशी आम्हाला खूण केली. ते तिथेच बसून जेवले.

उतरताना त्यांनी दार मिटले आणि थांबले. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. आम्हाला काही वेगळे ऐकू आले नाही. ते खाली वाकले, बिजागरीच्या खालचा पत्रा बोटाने दाबला आणि म्हणाले, “स्क्रूड्रायव्हर दे.” टोक टेकवताच आत गेले. पिलर सडला होता.

आता हिशेब मांडणे आले. गाडीच्या नोंदणीची मुदत पुन्हा २०२६ मध्ये संपते. पंधरा वर्षांवरच्या मोटारीचे नूतनीकरण पूर्वी सहाशे रुपयांत होई, एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. सरकारने २०२१ मध्ये जुन्या मोटारींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले, पण त्याला पन्नास वर्षे पुरी व्हावी लागतात. आमची गाडी तिथे पोचेल २०४१ मध्ये, आणि मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाही. बंगल्याच्या पोर्चमध्ये गाड्या झाकून ठेवणाऱ्यांना हे ठीक आहे. आमच्या गाडीने वस्तीतल्या बाळंतिणी पालघरला नेल्या आहेत, चौदा एप्रिलला टपावर कर्णा वाहिला आहे. झाकून ठेवायला ती घेतलेली नाही. धाकटा भाऊ म्हणतो, भंगारात द्या. त्याचे आकडे बरोबर आहेत. आम्हीही बीकॉम आहोत, बेरीज आम्हालाही येते.

परतीच्या वाटेवर बाबा गप्प होते. पालघरचे दिवे दिसू लागले तेव्हा म्हणाले, “कुर्ल्याला सीएसटी रोडला भंगारवाल्यांकडे पिलरचा तुकडा मिळेल. कापून जोडायचा. वेल्डिंग करणारा कुणी का असेना, दार मी बसवीन.”

“बाबा, तुमचे गुडघे?”

“दार बसवायला उभंच राहायचं असतं.”

घरी पोचेपर्यंत नऊ वाजले. नळाला पाणी होते तोवर आम्ही पाइप घेऊन गाडीखाली पाणी मारले, लेकीने बॅटरी धरली. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघे कुर्ल्याला जाणार आहोत. कारखान्याच्या जागी आता उंच इमारती उभ्या आहेत, प्रीमियर रोड हे नाव तेवढे राहिले आहे. तिकडून फिरून येऊ, असे बाबांनी आधीच सांगून ठेवले आहे.