नव्या गाडीची काजळी



गेल्या पाडव्याला आमच्या फलटणच्या घरी नवी मोटार आली, डिझेलची. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून मी कीर्तनाला उभा राहत नाही; पण महिन्याची वारी तरी सुटू नये, असे चिरंजीवांच्या मनात होते. कर्ज सूनबाईच्या पगारावर मिळाले, म्हणून गाडीही तिच्याच नावावर. ती रुग्णालयात परिचारिका आहे. चैत्री एकादशीला आम्ही गाडीने पंढरपूर करून आलो. पुढे आमच्या मंडळींच्या डोळ्यांतले मोतीबिंदू काढले, डॉक्टरांनी धूळ आणि प्रवास वर्ज्य सांगितला, आणि वैशाख-ज्येष्ठाच्या दोन वाऱ्या घरूनच हात जोडून झाल्या. त्या काळात गाडी घर ते रुग्णालय आणि रुग्णालय ते मंडई एवढीच फिरली. एका खेपेला दोन-अडीच किलोमीटर.

ज्येष्ठातली एकादशी झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीत पिवळा दिवा लागला. चढावर दम पुरेना. तीन महिने न झालेली गाडी!

आमच्या थोरल्या वहिनी ऐंशीच्या पुढे आहेत. आई गेल्यावर मला त्यांनीच वाढवले, त्यांचा शब्द घरात मोडत नाही. त्या म्हणाल्या, "नावच लाभलं नाही गाडीला. रोज आजारपणातून, मरणाच्या दारातून उठून येते आणि तशीच गाडीत बसते. गाडी त्याच्या नावावर करा, नारळ उतरवा." सूनबाई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी गाडीची चावी देव्हाऱ्यापाशी ठेवलेली दिसली आणि ती जुन्या स्कूटीवरून कामाला गेली. कुणी काही बोलले नाही. इंजिनाचे काय व्हायचे ते होवो, ती चावी मात्र मला बघवेना.

चिरंजीवांबरोबर मी सर्व्हिस सेंटरला गेलो. चिरंजीव तापलेले, "गाडी बदलून द्या" म्हणत होते. तिथला मुलगा शांतपणे म्हणाला, "चालवण्यात दोष आहे. मशीन लावून साफ करू, बिल होईल." एकाने गाडीला दोष दिला, दुसऱ्याने चालवणारीला, वहिनींनी नशिबाला. कारण मात्र कुणीच सांगितले नव्हते. आम्हा कीर्तनकारांना एक सवय असते. बोललास ना, मग प्रमाण दे. आळंदीला शिकत असताना प्रमाण न देता अर्थ सांगितला की गुरुजी तिथेच थांबवत. मी त्या मुलाला विचारले, "बाबा, हे कुठे लिहिले आहे ते दाखव."

गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक येते. ते कुणी उघडत नाही. ग्रंथ वस्त्रात बांधून नुसती पूजा करण्याचाच हा प्रकार. पुस्तक इंग्रजीत. नातीने घरी दोन संध्याकाळ बसून मला त्याचा अर्थ सांगितला. मला समजले ते असे. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 चे नियम लागू झाले. त्यासाठी डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत एक चाळणी बसवतात, तिला डीपीएफ म्हणतात. धुरातली काजळी ती धरून ठेवते, हवेत जाऊ देत नाही. पण धरलेली काजळी जाळायलाही हवी, आणि त्यासाठी चाळणी सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापावी लागते. दोन-अडीच किलोमीटरमध्ये इंजिन धड गरमच होत नाही. काजळी साठत जाते, चाळणी कोंदते, इंजिनाला श्वास सोडता येत नाही, मग दिवा लागतो. तेवढ्यावर वेळीच गाडी मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने पंधरा-वीस मिनिटे चालवली तर काजळी जळून जाते. दिव्याकडे दुर्लक्ष केले तर मात्र काम वाढते आणि खर्चही.

दोन वाऱ्या चुकल्या आणि काजळी साठली, हे वाचून वाचक माउलींच्या मनात जे येईल ते माझ्याही मनात आले. पण डोळ्यांच्या ऑपरेशनचा दोष पांडुरंग धरत नाही, आणि चाळणीला तिथी कळत नाही. रस्ता पंढरपूरचा असो की दुसरा, तिला उष्णता हवी.

पुस्तक घेऊन पुन्हा सर्व्हिस सेंटरला गेलो. मी म्हणालो, "गाडी विकताना तुम्ही सीटकव्हर दाखवले, चाकांच्या टोप्या दाखवल्या. पण रोज किती फिरणार, हे विचारले का? विचारले असते तर पेट्रोलची घ्या, असे तुम्हीच म्हणाला असता. मग दोष चालवणारीचा कसा?" व्यवस्थापक आले. आवाज चढवला नाही, पण उठलोही नाही. क्षमा हा संतांचा अलंकार खराच. पण आपल्या घरच्या माणसावर खोटा ठपका येत असताना गप्प राहण्याला क्षमा म्हणत नाहीत. शेवटी जॉबकार्डवर त्यांनी लिहून दिले की इंजिन निर्दोष, चाळणीत काजळी, चालवण्याची चूक नाही. बिल लावले नाही. आधी गाडी रस्त्यावर चालवून बघू, दिवा नाहीच गेला तर मशीन लावू, असे ठरले.

घरी येऊन तो कागद मी वहिनींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "कागदाला काय कळतं?" मी म्हणालो, "वहिनी, चोखोबांच्या सोयराबाईंनी चौदाव्या शतकात विटाळाची उलटतपासणी केली, आणि आपण अजून सुनेच्या हाताला भीत बसायचे? तुमचे पाय मागच्या वर्षी सुजले तेव्हा पट्ट्या याच हातांनी बांधल्या." वहिनी गप्प झाल्या. पटले म्हणून की नाही, देव जाणे.

चावी मीच उचलून सूनबाईच्या हातात दिली. "अण्णा, त्यांना चालवू दे ना," असे ती म्हणाली. मी ऐकले नाही. पालखी अजून आळंदीहून निघायची होती, पालखीमार्ग मोकळा होता. सर्व्हिस सेंटरचा मुलगा तिच्या शेजारी, मी मागे. बरड मागे पडले. "ताई, गिअर एक खाली ठेवा, वेग साठच्या खाली येऊ देऊ नका," एवढेच तो सांगत होता. नातेपुते यायच्या आधी दिवा गेला. ती काही बोलली नाही, नुसता खिडकीचा काच खाली केला.

आता दर रविवारी ती गाडी बरडच्या पुढे नेऊन परत आणते. किती वेळ चालवायची, याला घड्याळ लागत नाही. आमच्या मंडळी मागे बसून हरिपाठ म्हणतात, तो पुरा होईतो चाळणी तापलेली असते. वहिनी अजून गाडीत बसलेल्या नाहीत. परवा मात्र त्यांनी नातीला हळूच विचारले, श्रावणातल्या एकादशीला मागे किती जण मावतात म्हणून.