'ब्रुक्स' : एका जहाजाची प्रतिकृती

शाळेच्या इतिहास-दालनात, खिडकीच्या डाव्या अंगाला, काचेच्या पेटीत तीन डोलकाठ्यांचे एक जहाज ठेवलेले आहे. मेळाव्यासाठी येणारे बहुतेक माजी विद्यार्थी ते पाहून प्रथम मराठ्यांच्या आरमाराचे नाव घेतात. ते जहाज आपले नाही आणि आरमारी तर मुळीच नाही. 1781 साली इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे बांधलेले हे 'ब्रुक्स'. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून माणसे भरून वेस्ट इंडीजच्या मळ्यांकडे नेणारे. इतिहासाचा एक शिक्षक, वसतिगृहातील अकरा मुले-मुली आणि सुतारकाम करणारे एक पालक, अशा आम्ही सर्वांनी मिळून एका हिवाळ्यात ते लाकडात उभे केले. त्याची हकिगत स्मरणिकेत यावी, असे संपादक मंडळाने सुचवले, म्हणून हा लेखनप्रपंच.

हेच जहाज का, असे सहकाऱ्यांनीही विचारले होते. जहाजच करायचे तर मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 1817 सालची 'ट्रिंकोमाली' करा. मलबारी सागाची ती युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. सूचना वाईट नव्हती. पण जोतीरावांची 'गुलामगिरी' शिकवताना आमचा तास दर वर्षी एकाच जागी थबके. 1873 च्या त्या ग्रंथाची अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना उद्देशून आहे. मुले ती वाचत आणि पान उलटत. समुद्रापलीकडची गुलामगिरी म्हणजे साखळदंडाचे एक चित्र, एवढेच त्यांच्यापाशी उरे. पुण्याच्या माळ्याच्या मुलाला त्या दूरच्या माणसांशी आपले नाते का जाणवले असेल, या प्रश्नापर्यंत तास पोचतच नसे.

'ब्रुक्स'ची प्रतिकृती करणारे आम्ही पहिले नव्हतो. 1788 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने जहाजाच्या आकारमानानुसार किती गुलाम न्यावेत याची मर्यादा घालणारा कायदा केला. त्याप्रमाणे 'ब्रुक्स'ला 454 माणसे नेता येत होती. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झटणाऱ्यांनी जहाजाची मोजमापे घेऊन, डेकवर ही माणसे कशी मावतील, याचा आराखडाच छापला आणि तो गावोगाव वाटला. थॉमस क्लार्क्सन तो घेऊन पॅरिसला गेला. तेथे मिराबोने त्यावरून सुमारे एक यार्ड लांबीचे लाकडी जहाज करवून घेतले, त्यात काळ्या रंगाची इवलीशी लाकडी माणसे मांडली आणि ते आपल्या भोजनगृहात ठेवले. विल्बरफोर्सने वापरलेली प्रतिकृती आज हल येथील संग्रहालयात आहे. दोन ओळींत सांगता येणारी गोष्ट या लोकांनी लाकडात का घडवून घेतली असावी, हे आम्हांला काम सुरू केल्यावरच उमगले.

प्रमाण ठरले एका फुटाला पाव इंच. खालच्या डेकची लांबी 100 फूट, म्हणजे आमचे 25 इंच. रुंदी 25 फूट 4 इंच, म्हणजे सव्वासहा इंचांहून थोडी अधिक. तळाचा कणा आणि त्यावरच्या फासळ्या प्लायवूडच्या कापल्या. बाहेरच्या फळ्यांसाठी एका पाडलेल्या घराची सागवानी चौकट मिळाली. तिच्या बोटाच्या नखाएवढ्या रुंद पट्ट्या काढून त्या गरम पाण्यात भिजवायच्या, हलक्या हाताने वाकवून फासळ्यांवर बसवायच्या आणि फेव्हिकॉल वाळेपर्यंत कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायच्या. वसतिगृहाच्या दोरीवरचे चिमटे त्या काळात नाहीसे झाले होते. अधीक्षकांनी त्याकडे काणाडोळा केला, ही त्यांची देणगीच. नाळेकडे जहाज निमुळते होत जाते, तेथे प्रत्येक पट्टी टोकाला तासून बारीक करावी लागे. "सर, दाराचं काम सोपं," पालक म्हणाले, "ह्यात एक बी रेघ सरळ नाही." रंध्यावर त्यांचा हात आणि कानशीवर मुलांचा, असे दोन महिने चालले. शिडांच्या दोऱ्यांसाठी गोधडीचा दोरा मेणावरून ओढून घेतला. डाव्या कुशीच्या फळ्या मात्र मुद्दाम बसवल्या नाहीत. आतले दिसायला हवे होते.

मग आतले काम आले. आराखड्यात प्रौढ पुरुषाला जागा दिली आहे 6 फूट लांब आणि 1 फूट 4 इंच रुंद. आमच्या प्रमाणात ती दीड इंच लांब आणि इंचाच्या एक तृतीयांश रुंद. आइस्क्रीमची काडी जवळजवळ तेवढीच रुंद असते. एका काडीत तीन पुरुष होतात. लहान मुलीला 4 फूट 6 इंच आणि 1 फूट. दोन डेकांमधील उंची 5 फूट 8 इंच, आणि तिच्याही मध्यावर फळ्यांचा माळा घालून माणसांचा आणखी एक थर. माळ्याच्या वर आणि खाली उरते अडीच फुटांहून थोडी अधिक जागा. आमच्या जहाजात अर्ध्या इंचाहून जरा जास्त. त्यात बोट शिरत नव्हते, म्हणून मुलांनी चिमट्याने एकेक काडी आत सरकवली.

454 मावल्या, काठोकाठ. परंतु कायद्याआधीच्या एका सफरीत याच जहाजाने 609 माणसे नेली होती : 351 पुरुष, 127 स्त्रिया, 90 मुलगे, 41 मुली. तेवढ्याही काड्या कापून तयार होत्या. 155 टेबलावर उरल्या. नववीतल्या एका मुलाने त्या बसवण्याची खटपट रात्रीच्या प्रार्थनेची घंटा होईपर्यंत केली. शेवटी त्याने काही काड्या कुशीवर उभ्या केल्या. तसेच करीत असत. 'ब्रुक्स'वर वैद्य म्हणून गेलेल्या थॉमस ट्रॉटरने साक्षीत सांगितले आहे की, माणसांना कुशीवर, चमच्यात चमचा ठेवावा तसे, एकाच्या पाठीला दुसऱ्याचे पोट लावून निजवत. ही साक्ष आम्ही मुलांना तोवर वाचून दाखवलेली नव्हती.

काड्यांना रूप द्यावे की नाही, यावर मोठा वाद झाला. एका मुलीचा आक्षेप होता की, छापील आराखड्यात सगळी माणसे एकसारखी आहेत. सगळी एकसारखी कशी असतील? कोणी म्हणाले, आफ्रिकी नावे लिहू. त्यावर दुसरीने विचारले, नावे आपण द्यायची? मळेवाल्यांनीही मनाला येतील ती नावे दिली होती. तिच्या पणजोबांना गाव 'कचऱ्या' म्हणून हाक मारी. नावे लिहिली नाहीत. आमच्या मते तोच निर्णय योग्य होता. जे कागदोपत्री मिळत नाही ते इतिहासाच्या शिक्षकाने कल्पनेने भरू नये. काड्या रंगवल्याही नाहीत. प्रत्येक काडी पॉलिश पेपरने हाताने घासली आणि लाकडाची रेघ जशी होती तशी राहू दिली.

त्या आराखड्याविषयी आमची एक तक्रार आहे. त्यातली माणसे निपचित पडलेली दिसतात. गुलामवाहू जहाजांच्या डेकवर मात्र एक आडवी, भक्कम भिंत बांधलेली असे. कैद्यांनी उठाव केला की खलाशी तिच्यामागे दडून बंदुका चालवत. समुद्रात उड्या टाकून कोणी सुटू नये म्हणून कठड्याला जाळी लावत. मालाला भिंत लागत नाही आणि जाळीही लागत नाही. आम्ही दोन्ही बसवल्या. मच्छरदाणीच्या तुकड्याची ती जाळी पाहुण्यांच्या सहसा लक्षात येत नाही. भिंतीकडे मात्र मुले आवर्जून बोट दाखवतात.

14 एप्रिलच्या प्रदर्शनात जहाजाशेजारी दोन कागद लावले. एकावर वणिज्ज सुत्तातील, उपासकाने न करावयाचे पाच व्यापार. त्यांत प्राण्यांचा, म्हणजे माणसांचाही, व्यापार येतो. दुसऱ्यावर, बाबासाहेबांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागितली, ही नोंद. ड्यू बॉइस यांचा 1896 चा पहिला ग्रंथ याच व्यापारावर आहे. तो आमच्या ग्रंथालयात नाही. स्मरणिका वाचणाऱ्या परदेशस्थ माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी पाठवू शकले तर उपकार होतील.

उरलेल्या 155 काड्या पेटीशेजारी काचेच्या बरणीत आहेत. उन्हाळ्यात शिडांच्या दोऱ्या सैल पडतात. जूनमध्ये नववीची नवी तुकडी त्या ताणून बांधते, आणि बांधण्याआधी बरणी रिकामी करून काड्या मोजते.