अर्ध्या गुणाचं गणित

बालमित्रांनो, उंट तिरका चालतो आणि घोडा अडीच घरं, हे काही मी तुम्हांला सांगायला नको. आज बुद्धिबळाच्या एका डावाविषयी सांगणार आहे आणि गंमत म्हणजे त्यातली एकही चाल सांगणार नाही!

जून २०२४. गुजरातेत गांधीनगरला वीस वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा चालू होती. एकूण ११ फेऱ्या. जिंकलं तर एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा. दहा फेऱ्यांनंतर आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचे गुण होते ९ आणि आर्मेनियाच्या मरियम मकर्तच्यानचे साडेआठ. शेवटच्या फेरीत दिव्यासमोर होती बल्गेरियाची बेलोस्लावा क्रास्तेवा.

मी छत्रपती संभाजीनगरात, उस्मानपुऱ्यातल्या प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीला अपूर्णांक शिकवायचे म्हणजे पोळी नाहीतर पेरू कापायचा, हे ठरलेलं. एकदा मी त्याऐवजी हे गुणच फळ्यावर लिहिले आणि विचारलं, "तुम्ही दिव्या असता तर बरोबरीवर समाधान मानलं असतं का?"

"हो बाई! साडेनऊ होतात की. हरायची भीतीच नाही," पुढच्या बाकांवरून एकच गलका.

एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी मागून हळूच म्हणाली, "पण बाई, ती मरियम जिंकली तर तिचेपण साडेनऊच!"

वर्ग चिडीचूप. पेरू कापून हे साधलं नसतं बरं का!

गुण सारखे झाले की आधीच्या फेऱ्यांचा हिशेब काढून क्रम लावतात. त्याला टायब्रेक म्हणतात. २००९ साली अर्जेंटिनात याच स्पर्धेत तिघींचे गुण सारखे झाले आणि टायब्रेकवर पुण्याची सौम्या स्वामिनाथन विजेती ठरली. पण तो हिशेब कुणाच्या पारड्यात पडेल, हे शेवटच्या डावात आपल्या हाती नसतं.

दिव्या तो डाव जिंकली. १० गुण, एकही हार नाही. आणि मरियम? तीही जिंकली. साडेनऊ!

पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दिव्यासमोर बसली होती कोनेरू हंपी. हंपीने मुलींची ही जागतिक स्पर्धा २००१ साली जिंकली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता! पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. मग जलद डावांत दिव्याने बाजी मारली आणि ती ग्रँडमास्टरही झाली.

पहिल्या दोन डावांनंतर दोघींचे गुण किती झाले होते, ते तुम्हीच सांगा पाहू!