आधी अँटेना

काका तार खात्यात होते. समोरच्याशी बोलता बोलता ते मोर्समधला मजकूर कानाने उतरवून घेत, हे मी लहानपणी पाहिलं आहे. जुलै 2013मध्ये देशातली तारसेवा थांबली, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. पण हॅम रेडिओचा परवाना त्यांनी जपला होता आणि सकाळी 7 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्यांची मित्रमंडळी जमत. आमचं घर शेजारी. रात्री मध्यम लहरींवर लांबची केंद्रं का लागतात, ते त्यांनीच मला समजावलं. दिवसा आयनावरणाचा खालचा थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि वरच्या थरावरून लहरी परत खाली वळतात. खरखरीतून शब्द वेगळा काढायला मी त्यांच्या खुर्चीशेजारी बसून शिकले. ही शिकवणी आहे, असं तेव्हा दोघांच्याही मनात नव्हतं.

नोकरी लागल्यावर मी यूएसबीला जोडायचा सॉफ्टवेअर रेडिओ घ्यायचं ठरवलं. यात रिसीव्हरचं काम एवढंच, की अँटेनातून आलेल्या लहरीचे आकडे करून संगणकाकडे द्यायचे. केंद्र निवडणं, त्यातून आवाज काढणं, हे पुढचं सगळं सॉफ्टवेअर करतं. कोणत्या रिसीव्हरचे बिट किती, याचा तक्ता करून मी काकांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, “तुला ऐकायचंय काय?”

मला हवामान उपग्रह ऐकायचे होते. अमेरिकेचे नोआ उपग्रह 137 मेगाहर्ट्झच्या आसपास ढगांची चित्रं ध्वनीच्या रूपात खाली पाठवत, सेकंदाला दोन ओळी. “मग स्वस्तातला घे,” काका म्हणाले. “उरलेला जीव अँटेनात घाल.”

स्वस्तातला म्हणजे आरटीएल-एसडीआर. मुळात हा संगणकावर डिजिटल टीव्ही पाहण्याचा डाँगल. एफएम ऐकवताना त्यातली रिअलटेकची चिप लहरीचे कच्चे नमुने जसेच्या तसे संगणकाकडे धाडते, हे फिनलंडच्या अँटी पालोसारी यांनी 2012 साली हेरलं आणि सगळ्यांना सांगून टाकलं. ऑस्मोकॉम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातल्या मंडळींनी त्यासाठी सॉफ्टवेअर लिहिलं, तेही खुलं आणि फुकट. पालोसारींना हे स्वतःपाशी ठेवता आलं असतं. माझ्यासारखीच्या खिशाला परवडणारा रेडिओ या परक्या माणसांच्या दिलदारपणातून आला आहे, याची आठवण मला तो जोडताना दर वेळी होते.

त्याच्या मर्यादा खऱ्या आहेत. आठ बिट म्हणजे 256 पायऱ्या. जवळच्या एफएम केंद्राचा जोर असला की त्या पायऱ्या त्यालाच पुरतात आणि दुबळा सिग्नल खाली दबतो. काकांनी असं यंत्र पूर्वी हाताळलेलं नव्हतं, तरी दुखणं त्यांनी लगेच ओळखलं आणि एफएमचा पट्टा अडवणारा फिल्टर लावायला सांगितला. एअरस्पाय मिनीचे 12 बिट, एसडीआरप्लेच्या आरएसपी1एचे 14, ही यंत्रं या बाबतीत उजवी, यात शंका नाही. हॅकआरएफ वन 6 गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि प्रसारणही करतो. त्याचं नाव काढताच काका गंभीर झाले. “बोलायला परवाना लागतो. परीक्षा दे, मग बोल.” शिवाय एवढी किंमत मोजूनही त्याचे बिट आठच. माझ्या कामाला तो नकोच होता.

अँटेना त्यांनी स्वतः कापली. ॲल्युमिनियमच्या दोन कांबी, प्रत्येकी सुमारे 53 सेंटिमीटर, मध्ये 120 अंशांचा कोन, गच्चीवर आडवी, उत्तर-दक्षिण रोखाने. लॅपटॉपचा गोंगाट आत शिरू नये म्हणून रिसीव्हर लांब यूएसबी वायरीवर ठेवला. उपग्रह डोक्यावरून गेला, पडद्यावर ओळीखाली ओळ उमटत गेली आणि ढगांच्या कडेला सौराष्ट्राचा किनारा दिसला. काकांनी चष्मा पुसून कच्छचं आखात बोटाने दाखवलं.

ते नोआ उपग्रह 2025मध्ये बंद झाले. रशियाचे मेटिओर आहेत, त्यांना हीच अँटेना चालते.

काकांना आता ऐकू कमी येतं. मोर्सचा बारीक स्वर त्यांच्या कानाला लागत नाही. सकाळची मंडळी त्यांनी सोडली होती. पण सॉफ्टवेअर रेडिओत अख्खा पट्टा पडद्यावर चित्रासारखा खाली सरकत असतो. त्या चित्राचा वेग वाढवला की मोर्सचे ठिपके आणि रेघा डोळ्यांनी वाचता येतात. मी ते दाखवलं, तेव्हा काका खुर्ची पुढे ओढून बसले आणि अक्षरं मोठ्याने म्हणू लागले. शेवटी एक कॉलसाइन वाचून म्हणाले, “हा माझ्या ओळखीचा.”

तेव्हा या वेळी निवड त्यांच्यासाठी होती. माझ्या डाँगलचा ट्यूनर साधारण 24 मेगाहर्ट्झपासून पुढचा, 7 त्याच्या कक्षेत नाही. आरटीएल-एसडीआरच्या व्ही4मध्ये खालचा पट्टा वर उचलून देणारी सोय आहे, ती पुरली असती. मी मात्र एअरस्पाय एचएफ प्लस डिस्कव्हरी मागवला, कारण तो मुख्यतः लघुलहरींसाठी घडवलेला आहे आणि काकांच्या बाबतीत मला पुरण्यावर थांबायचं नव्हतं. खोकं उघडायच्या आधी त्यांनी तारेचं विचारलं. 7 मेगाहर्ट्झच्या अर्ध्या लहरीला सुमारे 20 मीटर तार लागते, आमची गच्ची तेवढी नाही. समोरच्या इमारतीपर्यंत तार ओढायला परवानगी मागणारा अर्ज मी लिहिला आहे. उद्या काका आणि मी तो घेऊन सोसायटीच्या कचेरीत जाणार आहोत.