वारा कुठून येतो?

भूगोलाच्या मास्तरानं समुद्रावर जाऊ नये, असं माझं अलीकडे ठाम मत झालं आहे. नकाशावरचा समुद्र कसा निळा, शांत आणि आपल्या छडीच्या धाकात असतो. खऱ्या समुद्राला छडी ठाऊकच नसते!

गेल्या मे महिन्यात आम्ही चौघे मित्र कोल्हापूरहून गोव्याला निघालो. वकिलांची गाडी, डॉक्टरांचा उत्साह, सावकारांचे पैसे आणि माझा भूगोल एवढ्या भांडवलावर आजरा, आंबोली, सावंतवाडी करीत, वाटेत करवंदं खात, दोनापावलाला पोचलो. ‘एक दूजे के लिये’ या १९८१ सालच्या चित्रपटानं गाजवलेल्या त्या धक्क्यावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. समोर मुरगाव बंदरातली जहाजं, आणि अलीकडे पाण्यावर शिडं लावलेल्या दोन-तीन फळ्या. विंडसर्फिंग! १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये असलेला हा खेळ शिकायचा, हा डॉक्टरांचा हट्ट.

“मास्तर, वीस वर्षं पोरांना वारा शिकवलास ना? मग आधी तूच चढ!”

चढलो. त्या फळीला सुकाणू नसतं. शिडाची काठी फळीला अशा सांध्यानं जोडलेली असते, की ती हवी तिकडे कलते. शीड पुढं झुकवलं की फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागं झुकवलं की वाऱ्याकडे. हे सारं मला दहा मिनिटांत समजलं. समजलं नाही ते फक्त माझ्या पायांना. सहा वेळा पडलो. धक्क्यावरच्या गर्दीला फुकट तमाशा मिळाला.

शिकवणारा पोरगा विशीतला. त्यानं शांतपणे विचारलं, “सर, वारा कुठून येतोय?”

मी झोकात हात दाखवला. चुकीच्या बाजूला! वकील तर पोट धरून हसले.

आणि मला एकदम सातवीतला एक मुलगा आठवला. खारे वारे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, मतलई वारे रात्री जमिनीकडून समुद्राकडे. हे तो दर परीक्षेत उलटं लिही. एकदा मी त्याला बाकावर उभं केलं होतं. “अरे, वारा तरी कळतो का तुला?” असं म्हटलं, आणि सगळा वर्ग हसला होता.

तो पोरगा मात्र हसला नाही. म्हणाला, “डोळे मिटा, सर. तोंड हळूहळू फिरवा. दोन्ही कानांत सारखा आवाज आला, की वारा समोर.”

मी डोळे मिटले. धक्क्यावरचा गलबला विरला. उजव्या कानातला सूं सूं आवाज कमी होत गेला, डाव्यातला वाढला, आणि एका क्षणी दोन्ही सारखे झाले. डोळे उघडले तर समोर पश्चिमेचा समुद्र! इतकी वर्षं फळ्यावर बाणांनी काढलेला तो खारा वारा माझ्या तोंडावर येत होता.

त्या दिवशी मी फळीवर मोजून वीस हात गेलो असेन. पण परतताना आंबोलीच्या घाटात मित्रांच्या थट्टेला उत्तर द्यायचं मला सुचलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. मी सातवीचा वर्ग पटांगणात नेला आणि सर्वांना डोळे मिटायला सांगितलं. हळूहळू पंचेचाळीस तोंडं रंकाळ्याच्या दिशेला वळली. एकही चुकलं नाही.

बाकावर उभा केलेला तो मुलगा मात्र त्यांत नव्हता. त्यानं शाळा सोडल्याला चार वर्षं झाली आहेत.